अप्पांच्या हातात चालू, ताईंच्या हातात बंद

“बघा! झाली का न्हाई चालू?”

अप्पांनी किल्ली फिरवली. सेल्फ लागला, इंजिन घुर्र करून सुरू झालं. त्यांनी बंद केलं, परत फिरवली. परत सुरू. मग काच खाली करून माझ्याकडं बघत म्हणाले, “आता सांगा कांबळे, ह्यात फॉल्ट कुठाय? फॉल्ट गाडीत न्हाईच. फॉल्ट हिच्या हातात हाय.”

ही म्हणजे महानंदाताई, अप्पांच्या मंडळी. गाडीच्या पलीकडं पदर बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. चेहरा असा उतरला होता की मलाच राग आला. मला तसा लवकर राग येतो. आमच्या घरात सांगतील तुम्हाला.

लातुरात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. लोक मला कांबळे इलेक्ट्रिशियन म्हणतात. घरातला पंखा बिघडला तर माझ्याकडं येऊ नका, तिथं माझी अक्कल चालत नाही. गाडीच्या बॅटरीपासून मागच्या लाल दिव्यापर्यंत जेवढी वायर आहे, तेवढंच आपलं राज्य. अप्पांचं गोलाईच्या बाजारात कापडाचं दुकान, माणूस तसा दिलदार, पण एकदा बोलले की बोलले. त्यांचं म्हणणं असं, की गाडी त्यांच्या हातात कधीच नखरे करत नाही आणि ताई नांदेडला घेऊन गेल्या की रस्त्यात हमखास सेल्फ लागत नाही. बॅटरी बदलून झाली होती. एका दुसऱ्या गॅरेजवाल्यानं सेल्फही नवा बसवून दिला होता. दुखणं जसंच्या तसं.

गाडी चालू होते म्हणजे काय होतं, ते आधी सांगतो. बॅटरीत करंट बसलेला असतो. किल्ली फिरवली की एक बारीक वायर रिलेला निरोप देते. रिले म्हणजे करंटचा दरवाजा. तो उघडला की करंट सेल्फला मिळतो. सेल्फ ही एक दणकट मोटर, इंजिनला पहिला गरका देणारी. इंजिन पेटलं की तिचं काम संपलं. शिवाय हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत क्लचच्या पेडलपाशी एक छोटा स्विच असतो. पेडल पार शेवटपर्यंत दाबलं तरच तो निरोप पुढं जाऊ देतो. नाहीतर गिअरमध्ये असलेली गाडी किल्ली फिरवताच पुढच्याच्या अंगावर जायची. ह्या रस्त्यात कुठंही खंड पडला की गाडी मुकी होते.

मी सगळं तपासलं. मल्टिमीटर लावला. बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर, सेल्फ मारताना दहाच्या खाली येत नव्हती, म्हणजे ठणठणीत. अर्थिंगची पट्टी घासून पुसून बघितली, चांगली. रिले काढून दुसरा घातला, फरक नाही. क्लचचा स्विच बोटानं दाबून बघितला, इमानदार निघाला. मग मला वाटलं, गरमीचा प्रकार असेल. गाडी लांबवर पळून गरम झाली की काही सेल्फ पकडत नाहीत, गार झाले की शहाण्यासारखे वागतात.

शेजारच्या गॅरेजचा सलीमभाई डोकावला, म्हणाला, “कांबळेभाई, गरम हो को पकड रा नई तो. दूसरा क्या होइंगा?”

झालं, गाडी उन्हात लावली, एसी चालू करून इंजिन चालत ठेवलं. बॉनेटवर पापड भाजावा एवढी तापली. बंद केली, किल्ली फिरवली. सुरू! जेवून आलो, परत तेच. संध्याकाळपर्यंत त्या गाडीनं मला एकदाही दगा दिला नाही, आणि मी तिला तोंडावर चार शिव्या दिल्या. बिघडलेली गाडी परवडली, पण न बिघडणारी बिघडलेली गाडी माणसाला वेड लावते.

दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला दोघं आले. अप्पा फोनवर बोलत बाहेर गेले, तेवढ्यात ताई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “दादा, सापडलं का हो काही?”

“न्हाई ताई. माझ्याकडं तर सारखी चालू होऊन राहिली.”

“सगळ्यांकडं होती. मी पंपावर थांबते, फाटकापाशी थांबते, किल्ली फिरवते, टक् सुद्धा न्हाई. मग कुणीतरी पुरुषमाणूस येतो, म्हणतो, उतरा ताई. तो बसतो की एका झटक्यात चालू. लोक दात काढतेत. लई लाज वाटती हो.”

“अप्पा काय म्हणतेत?”

“काय म्हणणार? उद्या गाडी नांदेडला त्यांच्या मावसभावाला देऊन टाकायलेत. शब्द दिलाय.” त्यांनी पदर परत बोटाला गुंडाळला. “माझी आई नांदेडला दुसऱ्या मजल्यावर राहती. पाय मोडल्यापासून तिला जिन्याची भीती बसली, कुणाबरोबर म्हणून खाली उतरत न्हाई. माझी गाडी खाली लागली की तेवढी उतरती. दर गुरुवारी तिला गोदावरीच्या काठाला नेते, तासभर बसवते, परत आणून सोडते. गाडी गेली की तिचं ते पण गेलं. बसनं मी जाईन, पण तिला कशात बसवू?”

पन्नाशी उलटल्यावर ही बाई गाडी शिकली होती. शिकवणाऱ्या पोरांची टिंगल सहन करून, अप्पांचे टोमणे ऐकून. कशासाठी, तर आईला नदी दाखवायला. माझ्या डोक्याची शीर तडतडली. गाडीला बाईमाणूस, पुरुषमाणूस कळतो का? माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात माझ्या मल्टिमीटरला तरी ते कधी कळलं नव्हतं. काहीतरी होतं, आणि ते फक्त ताई चालवताना होत होतं.

अप्पा आत आले तसा मी म्हणलो, “अप्पा, उद्या मी येतो तुमच्याबरोबर नांदेडला.”

“तुम्ही कशाला?”

“रस्त्यात सापडलं तर सापडलं. न्हाई तर तुमच्या भावाला सांगून येतो की गाडी चोख हाय. पण एक अट. लातूरपासून चालवायची ताईंनी. तुम्ही मागं बसायचं.”

“म्हणजे धक्का मारायला तयारीत बसायचं म्हणा की!” अप्पा खो खो हसले. पण हो म्हणाले.

सकाळी निघायच्या आधी मी एक काम केलं. रिलेपासून सेल्फला निरोप नेणाऱ्या वायरीला एक लांब वायर जोडली, बॉनेटच्या फटीतून, दारातून आत आणली आणि तिला एक छोटा बल्ब लावून तो आरशाला टांगला. किल्ली फिरवल्यावर बल्ब लागला आणि सेल्फ गप्प राहिला, तर चोर सेल्फ. बल्बच लागला नाही, तर सेल्फ बिचारा निर्दोष, निरोप मध्येच कुठंतरी अडतोय. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसंच.

अप्पा मागून म्हणाले, “हे काय, दिवाळीचा आकाशकंदील का?”

“चोर पकडायचा कंदील हाय. बसा गप.”

ताई येऊन बसल्या, साडी सावरली, डॅशबोर्डवरच्या पिंडीला हात जोडले आणि किल्ली फिरवली. बल्ब लागला, इंजिन सुरू झालं. आम्ही निघालो.

खरं सांगतो, बाई गाडी लई सुरेख चालवत होत्या. गिअर कधी घालायचा, ट्रकला कधी जाऊ द्यायचं, सगळं हिशोबात. मी तसं म्हणलो तर मागून अप्पा फक्त खाकरले. चाकूरच्या अलीकडं चहाला थांबलो. सगळे उतरलो, चहा-भजी झाली, परत बसलो. इंजिन तापलेलं, वर ऊन मी म्हणत होतं. गरमीचाच रोग असेल तर आता दिसायलाच पाहिजे. ताईंनी किल्ली फिरवली. बल्ब लागला, गाडी सुरू! सलीमभाईची आणि माझी गरमीची थिअरी तिथंच त्या भज्यांच्या कागदासोबत फेकून दिली.

अप्पा म्हणाले, “कांबळे, आज तुमच्या धाकानं चालतीय.”

अहमदपूर गेलं. तिथून पुढं रस्ता एका जागी उखडलेला होता, गाडी चांगली घुसळून निघाली. लोहा जवळ आलं तसं ताई म्हणाल्या, “गिअर जरा जड पडायलाय बघा दादा. ह्या वक्ताला असंच होतं.” मी ऐकलं, मान हलवली आणि सोडून दिलं. आता आठवलं की स्वतःच्या डोक्यात टपली मारावी वाटते.

डिझेल घ्यायचं होतं, म्हणून पंपावर वळवली. नोझल लागलं, इंजिन बंद. आम्ही तिघंही आपापल्या जागी बसून. टाकी भरली, पैसे दिले, ताईंनी क्लच दाबून किल्ली फिरवली.

काहीच नाही. टक् सुद्धा नाही. आणि बल्ब काळाठिक्कर.

“झालं!” अप्पांनी मागचं दार उघडलं. “उतर तू. मी बघतो.”

ताईंचा हात आपसूक दाराकडं गेला. आणि मी असा ओरडलो की पंपावरची माणसं वळून बघायला लागली. “कुणी उतरायचं न्हाई! अप्पा, दार लावा! ताई, जशा हायत तशाच बसा. पाय सुद्धा हलवू नका!”

मागं टेम्पोवाल्यानं हॉर्न लावून धरला. पंपावरचा माणूस खिडकीशी आला. “ओ काका, घ्या की पुढं. धक्का मारू का?”

“धक्का मारलास तर बघ! आताशी चोर घरात सापडलाय अन् तू दार उघडायला निघालास व्हय रे?”

तो “बरं, बरं” म्हणत टेम्पोवाल्याला दुसऱ्या नोझलकडं घेऊन गेला. मी उतरून ताईंच्या बाजूला गेलो, दार उघडलं आणि खाली उकिडवा बसलो. बल्ब लागला नाही, म्हणजे निरोप सेल्फपर्यंत पोचतच नव्हता. बॅटरी चांगली, रिले चांगला. राहिला क्लचचा स्विच. तो मी बोटानं तपासला होता, पण बोटानं. पायानं कोण तपासतं?

“ताई, क्लच दाबून धरा.”

“धरलाय.”

मोबाईलचा उजेड वर टाकला. पेडलचा दांडा स्विचला टेकायला बोटभर कमी पडत होता. “अजून दाबा की!”

“अहो दादा, पार खाली टेकलाय. आता काय जमिनीत घालू?”

टेकलाय म्हणतात, आणि स्विचपर्यंत तर पोचत नाही. मी उजेड खाली नेला. साडीच्या निऱ्या जरा बाजूला घ्यायला सांगितल्या. आणि मला दिसलं. पेडलच्या खाली आडवी पडलेली एक चप्पल. टाचदुखीसाठी घेतात ती, मऊ, जाड सोलची. पेडल त्या चपलेवर टेकलं होतं. ताईंचे पाय अनवाणी.

मला जे हसू फुटलं, ते आवरेना. मी तिथंच फरशीवर बसकण मारली.

“काय झालं हो?” अप्पा मागून. “वायर तुटली का?”

“वायर न्हाई अप्पा! पायताण! ताईंचं पायताण!”

आमच्या धंद्यात एक नियम आहे. रोग सापडला असं वाटलं की उड्या मारायच्या नाहीत. रोग काढून दाखवायचा, आणि परत घालूनही दाखवायचा. तेव्हाच खरा. मी चप्पल ओढून काढली. “मारा किल्ली.” बल्ब लागला, गाडी सुरू. बंद करायला लावली, चप्पल होती तशी ठेवली. “मारा.” मुकी. परत काढली, सुरू. मग मी अप्पांना म्हणलो, “आता तुम्ही या. बसा इथं.”

अप्पा बूट वाजवत आले, ऐटीत बसले, क्लच दाबला, किल्ली फिरवली. काही नाही. परत दाबला, जोर लावला, तोंड लाल झालं. काही नाही. त्यांनी खाली वाकून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग ताईंकडं. आयुष्यात पहिल्यांदा ती गाडी अप्पांच्या हातात बंद पडली होती. अन् काय सांगू, मला लई बरं वाटलं.

“पण मग इतके दिवस मी बसलो की चालू कशी व्हायची?” अप्पांनी विचारलं.

“ताई, तुम्ही उतरताना काय करता?”

“काय करणार? चपला घालते अन् उतरते. अनवाणी कसं उतरू रस्त्यात?”

मग मी अप्पांना उलगडून सांगितलं. ताई गाडीत बसल्या की चपला काढून पायाशी डावीकडं सारतात. रस्ता खराब लागला की चपला घसरत पेडलखाली जातात, क्लच पुरता दबत नाही, म्हणून तर गिअर जड पडायचा. पंपावर, फाटकावर ताई उतरत नाहीत, म्हणून चपला तिथंच, आणि गाडी मुकी. मग कुणीतरी शहाणा येतो, ‘उतरा ताई’ म्हणतो. ताई चपला ओढून पायात घालतात आणि उतरतात. बंद पडायचं कारणच पायात घालून बाहेर! शहाणा बसतो, गाडी चालू, आणि मिशीला पीळ. चाकूरला चहाला उतरलो तेव्हाही हेच झालं होतं. आणि माझ्या गॅरेजमध्ये तर गाडी अप्पांनी आणली होती, चपलेचा संबंधच नाही. मी दिवसभर तपासत होतो ती गाडी निरोगीच होती.

“पण मी म्हणतो, तू चपला काढतीस कशाला?” अप्पांचा आवाज जरा चढला. माणूस हरला की आवाज चढतोच.

ताईंनी डॅशबोर्डकडं बोट केलं. “देव बसलाय समोर. महादेवाच्या पिंडीपुढं चपला घालून बसू? तुम्हीच बसवली पिंड, शिवरात्रीला, पूजा करून. तुम्ही बूट घालून बसता. मी कधी बोलले का? मला वाटलं, एकानं तरी पाळावं.”

अप्पांनी स्वतःच्या बुटांकडं बघितलं. पंपावरचा माणूस फिसकन हसला. मी हसलो. ताई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “मला वाटायलं होतं दादा, खरंच माझ्या हातातच काही हाय म्हणून.”

मी म्हणलो, “ताई, तुमच्या हातात काही न्हाई. पायात होतं, ते बी आता न्हाई.” चपला उचलून मागं अप्पांच्या सीटखाली ठेवल्या. वायर, बल्ब सोडून पिशवीत टाकले. दुरुस्ती संपली. सुटा भाग एकही लागला नाही.

नांदेडपर्यंत अप्पा मागं बसून बुटांकडं बघत होते. ताई आपणहून विचारू शकत नव्हत्या, पण दोघांच्या मनात एकच होतं, ते मला दिसत होतं. गाडी नीट झाली खरी, पण शब्द दिला होता. आणि अप्पा शब्दाला पक्के, सगळ्या गोलाईला ठाऊक.

मावसभाऊ दारातच उभे होते. हार, नारळ, उदबत्ती, सगळी तयारी. घरातल्या बायका ताट घेऊन बाहेर आलेल्या. ताईंनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंग तसंच धरून बसल्या.

अप्पा उतरले. घसा साफ केला. “हे बघ, गाडी द्यायची न्हाई.”

“म्हणजे?” मावसभाऊंचा हार हातातच राहिला. “तूच म्हणलास की. बाईच्या हातात चालत न्हाई म्हणून.”

“चालती,” अप्पा म्हणाले. “मीच दर वेळी तिला उतरवून ठेवत होतो.”

मावसभाऊंनी नारळाकडं बघत विचारलं, “अन् ह्याचं काय करू आता?”

“फोड की. गाडी तुझी न्हाई म्हणून नारळाची काय चूक?”

नारळ फुटला, हार गाडीलाच घातला, खोबरं सगळ्यांनी खाल्लं. मावसभाऊ थोडे फुगले होते, पण जेवायला वाढताना विरघळले. मला बसस्टँडला सोडायचं म्हणून निघालो, तर ताई म्हणाल्या, आईचं घर वाटेतच आहे, दोन मिनिटं थांबू. अप्पा सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी गेले, तिथं ताई बसलेल्या. मग गाडीला वळसा घालून ते पुढं डावीकडं बसले. मी मागं.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक म्हातारी बाई कठड्याला धरून उभी होती. गाडी दिसली तशी हात हलवायला लागली. ताई दार उघडायच्या आत अप्पाच उतरले. “तू बस. मी आणतो त्यांना.” बऱ्याच वेळानं जिन्यातून सासू आणि जावई खाली आले. अप्पांनी त्यांचा दंड धरला होता. म्हातारीला एवढा मान पचत नव्हता, ती दर पायरीला थांबून जावयाकडं बघत होती.

गाडीपाशी आल्यावर सासूबाईंनी पुढचं दार उघडलं, आत एक नजर टाकली आणि निवांतपणे म्हणाल्या, “जावईबापू, तुम्ही मागं बसा. पुढं मी बसत असते.”

अप्पा मुकाट्यानं माझ्याशेजारी येऊन बसले. ताईंनी किल्ली फिरवली.

तेव्हापासून माझ्या दुकानात कुणी ‘अमक्याच्या हातात गाडी चालू होत नाही’ म्हणत आलं, की मी बॅटरीकडं जात नाही. आधी विचारतो, तो अमका कुठाय? त्याला बोलवा, त्यालाच सीटवर बसवा, अन् बंद पडली तरी त्याला उतरवू नका. मल्टिमीटर खोटं बोलत नाही. पण ज्याची तक्रार आहे त्यालाच तुम्ही गाडीतून खाली काढलं, तर मीटर बिचारा सांगणार तरी काय?